गॉटलंडचें पोवळें

पोवळें ही वस्तु मराठी घरांत अगदीं ओळखीची आहे. नवरत्नांत त्याची गणना होते. मंगळाच्या पीडेवर ज्योतिषी तेंच धारण करावयास सांगतात. काळ्या मण्यांबरोबर पोवळीं ओवण्याची चालहि कित्येक घराण्यांत आहे. तें समुद्रांतून येतें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तें मूळचें काय, खनिज कीं वनस्पति कीं प्राणी, असा प्रश्न कोणीं विचारला तर शिकलेलीं माणसेंसुद्धां क्षणभर थांबतील. त्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. या साध्या प्रश्नाचें उत्तर मान्य करावयास युरोपांतील विद्वानांना अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आणि ज्या पोवळ्यांचा दगड होऊन चाळीस कोटी वर्षें लोटलीं त्यांच्याविषयीं जवळजवळ असाच एक वाद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होता.

प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची समजूत अशी होती कीं, पोवळें हें समुद्रतळाचें मऊ झुडूप असून हवा लागतांच तें दगड बनतें. सन १७०६ मध्यें बोलोन्याचा काउंट मार्सिली यानें ताज्या पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या कांचेच्या भांड्यांत ठेविल्या, तेव्हां त्यांवर आठ पाकळ्यांचीं पांढरीं चिमुकलीं फुलें उमललेलीं त्याला दिसलीं. झाडाला फूल आलें, आतां शंका कसली? विद्वानांनीं हा निकाल आनंदानें स्वीकारला. पण मार्से शहरचा एक वैद्य, ज्यां आंद्रे पेसोनेल, पोवळीं काढणाऱ्या कोळ्यांच्या नांवांतून हिंडला, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला, आणि त्यानें तींच फुलें अधिक बारकाईनें पाहिलीं. बोट लावतांच तीं मिटत. पाणी स्थिर झालें कीं पुनः उघडत. कुजूं लागलीं म्हणजे त्यांना मासळीसारखी घाण येई. हीं फुलें नव्हत, हे लहान प्राणी आहेत, आणि दगडासारखी फांदी हें त्यांनींच बांधलेलें घर आहे, असें त्यानें पॅरिसच्या अकादमीस कळविलें.

अकादमींत त्या वेळीं रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाचा शब्द अखेरचा समजला जाई. त्यानें १७२७ मध्यें पेसोनेलच्या मताचें खंडन करणारा निबंध वाचला, आणि त्यांत पेसोनेलचें नांव मुद्दाम गाळलें. हेतु चांगला होता: बिचाऱ्याचें हंसें होऊं नये! पुढें अब्राहम ट्रेंब्ले यानें गोड्या पाण्यांतील हायड्रा हा वनस्पतीसारखा दिसणारा जीव खरोखर प्राणी असल्याचें दाखविलें, ज्यूस्यू यानें किनाऱ्यावर जाऊन समुद्रांतील तसलेच जीव तपासले, आणि १७४२ मध्यें रेओम्यूरनें आपली चूक छापून कबूल केली. परंतु तोंपर्यंत पेसोनेल वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटांत राजवैद्य म्हणून जाऊन पडला होता. त्याच्या ग्रंथाचा सारांश अखेर लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. उपकाराच्या बुद्धीनें केलेल्या अन्यायाचें इतकें सभ्य उदाहरण शास्त्राच्या इतिहासांत विरळाच सांपडेल.

याच सुमारास, १७४१ च्या उन्हाळ्यांत, स्वीडनमधील कार्ल लिनीअस बाल्टिक समुद्रांतील एलंड व गॉटलंड या बेटांचा प्रवास करीत होता. त्याला तिकडे पाठविलें तें राष्ट्रसभेनें, आणि तेंहि व्यापारी दृष्टीनें: रंगाच्या वनस्पति, औषधी, चिनी मातीची भांडीं करण्याजोगी माती असें कांहीं देशांतल्या देशांत मिळतें काय हें पाहावयाचें होतें. गॉटलंडच्या किनाऱ्यावर त्याला दुसरेंच धन दिसलें. तेथील कडे चुनखडीचे. लाटांनीं झिजून त्यांचे उंच, विद्रूप खांब उभे राहिलेले. आणि पायांखालच्या गोट्यांवर जाळी, तारे, साखळ्या, मधमाशांच्या पोळ्याचीं घरें कोरावीं तशा आकृति. उष्ण समुद्रांत वाढणाऱ्या पोवळ्यांशीं त्यांचें साम्य स्पष्ट होतें, आणि बाल्टिक तर हिवाळ्यांत गोठणारा! आज या कोड्याचें उत्तर ठाऊक आहे. गॉटलंडचे थर सिल्युरियन काळांतले, सुमारें ४३ कोटी वर्षांपूर्वींचे. त्या काळीं हा भूभाग विषुववृत्तानजीक होता आणि त्याच्यावर उथळ, उबदार समुद्र पसरला होता. लिनीअसच्या वेळीं पृथ्वीचें वय कांहीं हजार वर्षें समजलें जात होतें. त्यानें उत्तराच्या नादीं न लागतां वर्णन केलें, व तेंच शहाणपणाचें ठरलें.

सन १७४५ मध्यें उप्सालाच्या विद्यापीठांत ‘कोरालिया बाल्टिका’ नांवाचा लॅटिन प्रबंध सादर झाला. तो विद्यार्थी हेन्रिक फोग्ट याच्या नांवावर आहे. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणें त्यांतील विचार गुरूचे, म्हणजे लिनीअसचे. (फोग्टनें पुढें दगडांचा नाद सोडला आणि लंडनमध्यें गाण्याच्या स्वरलिपि छापण्याचा धंदा काढून नांव मिळविलें.) अश्मीभूत पोवळ्यांचें आकृतींसह पद्धतशीर वर्णन करणाऱ्या अगदीं आरंभींच्या लेखनांत या छोट्या पुस्तकाची गणना होते. पोवळीं प्राणी कीं वनस्पति याविषयीं लिनीअस तेव्हां निश्चित नव्हता. १७५८ च्या आपल्या प्रसिद्ध वर्गीकरणांत मात्र त्यानें तीं प्राण्यांत, कृमींच्या वर्गांत, घातलीं.

गॉटलंडच्या या दगडांपैकीं एकाची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. १८१६ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यानें त्याला ‘फॅव्होसाइटीझ गॉथलँडिकस’ हें नांव दिलें. लॅटिनमध्यें ‘फाव्हुस’ म्हणजे मधाचें पोळें, आणि हें नांव ज्यानें तो दगड एकदां पाहिला त्याला पुनः सांगावें लागत नाहीं. गोलसर अथवा चपट्या दगडाच्या पृष्ठभागावर पांच-सहा बाजूंचीं घरें एकमेकांस चिकटून दाटलेलीं असतात. प्रत्येक घर ज्वारीच्या दाण्याएवढें किंवा त्याहून लहान. दगड मधोमध फोडला म्हणजे प्रत्येक घर ही एका लांब नळीचें तोंड आहे असें दिसतें. नळ्या खालून वर, किंचित् पसरत, उभ्या गेलेल्या असतात, आणि प्रत्येक नळींत थोड्याथोड्या अंतरावर पातळ आडव्या फळ्या बसविलेल्या असतात. प्राणी नेहमीं वरच्या मजल्यावर राही; तो जसजसा वर सरके तसतसा जुना मजला खालीं टाकून नवी जमीन घाली. मुंबईच्या चाळींत एकाच बिऱ्हाडानें दर वर्षीं एक मजला चढवावा आणि खालचे सर्व रिकामे, बंद करून ठेवावे, तसला हा प्रकार.

पण एवढ्यावरून ओळख पटली असें समजणारा फसतो. पोळ्यासारखा आकार एकमेकांशीं दूरचेंहि नातें नसलेल्या अनेक जीवांनीं घेतला आहे. म्हणून पारखणारा भिंगाखालीं पुढचीं चिन्हें शोधतो. पहिलें चिन्ह उभ्या पडद्यांचें. आजच्या प्रवाळद्वीपांतील पोवळ्याच्या प्रत्येक घरांत मध्याकडे निमुळते होत जाणारे चुन्याचे उभे पडदे असतात, आणि त्यांची मांडणी सहाच्या पटीनें चालते. प्राचीन काळच्या ‘रुगोज’ म्हणजे सुरकुतलेल्या पोवळ्यांत आरंभींचे पडदे बसल्यावर नवे पडदे चारच ठिकाणीं वाढत जातात. त्यामुळें आडव्या कापांत घराचे चार भाग पडलेले दिसतात. रुगोज पोवळीं पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वीं, निर्वंश झालीं. सहाच्या मांडणीचीं त्यानंतरच्या ट्रायासिक काळांत प्रथम आढळतात. तेव्हां एका कापावरून दगड कोणत्या युगाचा याचा मोठा अंदाज बांधतां येतो. फॅव्होसाइटीझमध्यें मात्र उभे पडदे जवळजवळ नाहींतच. त्यांच्या जागीं भिंतींतून बारीक कांटे तेवढे पुढें आलेले असतात. याच्या उलट आडव्या फळ्या भरपूर. अशा फळीवाल्या पोवळ्यांस ‘टॅब्युलेट’ म्हणतात.

दुसरें चिन्ह भिंतींतील छिद्रांचें. शेजारच्या दोन नळ्यांमधल्या भिंतीला सुईनें टोंचावें तशीं बारीक भोंकें ओळीनें असतात. तीं भिंतीच्या सपाट बाजूवर असलीं तर दगड खरा फॅव्होसाइटीझ. कोपऱ्यावर, जेथें दोन बाजू मिळतात तेथें, असलीं तर अमेरिकन शास्त्रज्ञ ट्वेन्होफेल यानें १९१४ मध्यें निराळी काढलेली ‘पॅलिओफॅव्होसाइटीझ’ ही जाति. इतक्या लहानशा भेदावर कुळें वेगळीं करावीं काय, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु अश्मीभूत जीवाचें मांस, रंग, चालचलणूक सर्व नाहींसें झालेलें असतें. उरलेल्या घराच्या भिंती हीच त्याची जन्मपत्रिका, आणि तींतला एक टिंबहि सोडून चालत नाहीं.

हीं चिन्हें उघड्या डोळ्यांनीं नीट दिसत नाहींत. ह्या कामीं खरी क्रांति केली ती स्कॉटलंडमधील एका प्राध्यापकानें. हेन्री ॲलीन निकल्सन यानें टॅब्युलेट पोवळ्यांवरचा आपला मोठा ग्रंथ १८७९ मध्यें एडिंबरोस प्रसिद्ध केला, आणि त्याची सारी भिस्त पातळ कापांवर ठेविली. दगडाची चकती कापावयाची, एक बाजू घासून गुळगुळीत करून ती कांचेवर डिंकासारख्या द्रव्यानें चिकटवावयाची, आणि मग दुसरी बाजू घासत घासत कागदाहूनहि पातळ करावयाची, इतकी कीं दगडांतून उजेड पलीकडे जावा. एक काप नळ्यांना आडवा, एक उभा. दोन्ही नसतील तर वर्णन अपुरें. पहिल्यांत भिंती, कांटे व घरांचे आकार. दुसऱ्यांत फळ्यांमधलें अंतर व छिद्रांच्या ओळी. ज्या शेंकडों जाति पूर्वीं केवळ बाहेरच्या रूपावरून केल्या होत्या त्यांतल्या पुष्कळशा या दोन कापांपुढें टिकल्या नाहींत. एकच वसाहत गाळाच्या जागीं उंच वाढते, लाटांच्या माऱ्याखालीं चपटी होते; बाहेरचें रूप हें परिस्थितीचें, आंतली रचना कुळाची.

बाहेरच्या रूपानें फसण्याची सर्वांत गमतीची गोष्ट ‘कॅल्सिओला’ची. डेव्होनियन काळच्या थरांत, विशेषतः जर्मनींतील आयफेल प्रदेशांत, सपातेच्या चवड्यासारखा एक जीवाश्म मिळतो आणि त्याला नीट बसणारें झांकण असतें. दोन भाग, म्हणजे शिंपला, असें सर्वांनीं धरलें. लामार्कनें त्याला शिंपल्यांत घातलें, पुढें तो ब्रॅकिओपॉड नांवाच्या दुसऱ्या द्विपुट जीवांत गेला. गॉटलंडमधील व्हिस्बी या गांवचा एक शाळामास्तर, गुस्ताफ लिंडस्ट्रोम, आपल्या बेटावरच्या चौकोनी, चार झांकणांच्या एका पोवळ्याचा अभ्यास करीत होता. त्यावरून त्याला दिसून आलें कीं कॅल्सिओलासुद्धां रुगोज पोवळेंच; झांकण असलें म्हणून प्राणी शिंपल्यांतला होत नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत त्यानें हें मत मांडलें आणि तें टिकलें. शाळामास्तर पुढें १८७६ मध्यें स्टॉकहोमच्या सरकारी पदार्थसंग्रहालयांत प्राचीन जीवांच्या विभागाचा प्रमुख झाला.

याच्या उलट प्रकार हिंदुस्थानांत घडला. सह्याद्रि व दख्खनचें पठार हे ज्वालामुखीच्या रसाचे थर असल्यामुळें त्या काळ्या दगडांत पोवळें शोधणें व्यर्थ. परंतु याच थरांखालून उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यांत, धार जिल्ह्यांतील बाघ गांवाच्या आसपास, क्रिटेशस काळच्या समुद्राचे थर डोकें वर काढतात. प्रमथनाथ बोस यांनीं १८८४ मध्यें त्यांचें वर्णन केलें. त्यांतल्या एका तांबूस चुनखडीस ‘कोरलाइन’ म्हणजे पोवळ्यांची चुनखडी असें नांव पडलें. भिंगाखालीं पाहिलें असतां तींतल्या फांद्या बहुतेक पोवळ्यांच्या नसून ब्रायोझोआंच्या ठरतात. ब्रायोझोआ हे निराळेच जीव. त्यांना आंतडें असतें, तोंड वेगळें, गुदद्वार वेगळें, आणि अंगानें ते पोवळ्यांपेक्षां पुष्कळ सुधारलेले. तरी नांव तेंच राहिलें, आणि अजून पुस्तकांत तेंच चालतें. खऱ्या पोवळ्यांसाठीं कच्छच्या जुरासिक थरांकडे जावें लागतें. तेथल्या पोवळ्यांचें वर्णन जे. डब्ल्यू. ग्रेगरी यानें १९०० सालीं केलें आहे.

आतां पुनः फॅव्होसाइटीझकडे. फ्रेंच पंडित मिल्न-एडवर्ड्स आणि त्याचा तरुण सहकारी झ्यूल हेम यांनीं १८५० मध्यें ‘टॅब्युलेट’ हा गट बांधला तेव्हां कसोटी एकच ठेविली होती: आडव्या फळ्या. ती एकच कसोटी गोत्यांत आणणारी ठरली. १८५८ मध्यें लुई आगासी यानें फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर या गटांतील मिलेपोरा हा जिवंत जीव पाहिला आणि जाहीर केलें कीं, हें पोवळेंच नव्हे, हा हायड्राच्या जातीचा प्राणी आहे. मिलेपोरापुरतें तें अगदीं बरोबर होतें. परंतु आगासी एवढ्यावर थांबला नाहीं; फळ्या असलेले सर्व प्राचीन जीवहि हायड्राकडचेच, असें त्यानें ठरवून टाकलें. मग १८७२ मध्यें व्हेरिलनें दाखविलें कीं, त्याच गटांतला पोसिलोपोरा हें अस्सल पोवळें आहे. आणि ‘चॅलेंजर’ जहाजावरचा मोझली यानें १८७६ मध्यें सिद्ध केलें कीं, त्याच गटांतली निळी हीलिओपोरा ही लाल पोवळ्याची, म्हणजे आठ भुजांच्या घराण्याची. एका चिन्हावर बांधलेल्या घरांत तीन निराळीं कुटुंबें नांदत होतीं, आणि जिवंत मंडळी एकेक करून बाहेर पडल्यावर मागें राहिले ते फक्त मेलेले. त्यांचें बोलणें कोण ऐकणार?

पुढें शंभर वर्षें फॅव्होसाइटीझला बहुतेक लोक पोवळेंच मानीत आले. १९६३ मध्यें तर अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन वेल्स यानें डेव्होनियन पोवळ्यांच्या अंगावरील केसासारख्या बारीक रेघा मोजून, वर्षाच्या एका पट्ट्यांत त्या सुमारें ४०० भरतात असें सांगितलें. दिवसाला एक रेघ असें धरल्यास त्या काळीं वर्षाचे दिवस ४०० आणि दिवस सुमारें २२ तासांचा. भरतीओहोटीच्या घर्षणानें पृथ्वीचा फेरा हळूहळू मंदावतो हें ज्योतिर्गणित त्याच्याशीं जुळलें. पोवळ्यांची प्रतिष्ठा अशी वाढलेली असतांनाच टॅब्युलेटांच्या पायाखालची जमीन सरकली.

जमैका बेटाच्या समुद्रांत, कपारींच्या अंधारांत, टॉमस गोरो हा पाणबुड्या शास्त्रज्ञ आणि येलचा विलार्ड हार्टमन यांना चुन्याचा भरीव सांगाडा बांधणारे जिवंत स्पंज सांपडले. १९७० मध्यें त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. १९७५ मध्यें पॅसिफिकमधल्या अशाच एका स्पंजाचें वर्णन आलें, आणि त्याच्या नळ्यांतून चक्क आडव्या फळ्या होत्या! कीटेटीझ नांवाचे प्राचीन जीव, जे टॅब्युलेटांचे भाऊबंद समजले जात, त्यांच्या भिंतींत स्पंजाच्या सुया होत्या असें १९८० मध्यें दिसून आलें, आणि ते पोवळ्यांतून गेले ते कायमचेच. १९८४ मध्यें पोलंडच्या काझ्मिएर्चाक यानें फॅव्होसाइटीझच्या कुळांतहि तशा सुया असल्याचें लिहिलें. लिनीअसच्या काळापासून पोवळें म्हणून मिरवलेला दगड स्पंज ठरण्याच्या बेतांत आला. ही केवळ नांवाची बाब नव्हती. स्पंजाला तोंड नाहीं, पोट नाहीं, भुजा नाहींत. तो पाणी गाळून जगतो. सिल्युरियन समुद्रांतील खडक कोणीं बांधले, ते काय खात, कसे वाढत, हा सगळा इतिहास त्या एका निर्णयाबरोबर फिरला असता.

पुढच्याच वर्षीं, १९८५ मध्यें, कॅनडांतील पॉल कॉपर यानें सेंट लॉरेन्सच्या आखातांतील अँटिकोस्टी बेटावरचे फॅव्होसाइटीझ पुढें आणले. वय ४३ कोटी वर्षें. या वसाहतीच्या घरांच्या तोंडाशीं चुन्यानें भरलेले, आंत ओढून घेतलेल्या भुजांसारखे दिसणारे बारीक आकार होते. कॉपरच्या मतें ते पॉलिप, म्हणजे पेसोनेलनें पाहिलेल्या ‘फुला’चेच अश्मीभूत देह, आणि त्यांच्या भुजा बारा. जीव मेल्यावर थोड्या दिवसांत नासून जाणारें मऊ अंग इतका काळ टिकावें हेंच कित्येकांना पटेना. हे आकार नुसत्या खनिजाचे आहेत असाहि आक्षेप निघाला. तरी कॉलिन स्क्रटन यानें १९८७ मध्यें सर्व पुरावा पुनः तपासला. घरांतून नवें घर फुटण्याची रीत, भिंतींतील छिद्रें, कांट्यांची मांडणी, हें सारें पोवळ्यासारखें. आणि स्पंजाच्या पृष्ठभागावर पाणी बाहेर टाकणाऱ्या ज्या तारेसारख्या खुणा असतात त्यांचा येथें मागमूस नाहीं. या चिकित्सेनंतर फॅव्होसाइटीझ पोवळ्यांत परत आला, व तेथेंच आहे.

त्याचें जवळचें नातें कोणाशीं हें मात्र अद्याप मिटलेलें नाहीं. कॉपरच्या बारा भुजा खऱ्या धरल्या तर तो सहाच्या घराण्याकडे झुकतो. परंतु २००८ मध्यें कॅनडांतीलच सिल्युरियन टॅब्युलेटांत चुन्याच्या बारीक सुया आढळल्या, आणि अशा सुया आज ज्यांच्या अंगांत असतात तीं पोवळीं आठ भुजांचीं, मार्सिलीच्या भांड्यांत उमललेलीं, मराठी घरांत काळ्या मण्यांबरोबर ओवलीं जाणारीं.